उरान क्षेपणास्त्रांच्या जागी काय? भारतीय नौदलासमोरचे पर्याय

प्रश्न : सागरवाचक

नमस्कार.

भारतीय नौदलाच्या जहाजविरोधी क्षेपणास्त्रांविषयी गेले काही महिने वाचन करत आहे आणि एका मुद्द्यावर जाणकारांचे मत हवे आहे.

रशियन बनावटीचे केएच-३५ई, म्हणजेच उरान, हे क्षेपणास्त्र ‘दिल्ली’ वर्गाच्या विनाशिका, ‘ब्रह्मपुत्रा’ वर्गाची फ्रिगेट जहाजे, ‘कोरा’ वर्गाची कॉर्व्हेट जहाजे आणि ‘प्रबल’ व ‘प्रलय’ या क्षेपणास्त्र नौका, अशा अनेक जहाजांवर बसवले गेले. आयएनएस दिल्ली १९९७ साली नौदलात दाखल झाली, म्हणजे या शस्त्रप्रणालीने आपल्याकडे पाव शतकाहून अधिक काळ काढला आहे. तिचा पल्ला १३० किलोमीटर, वॉरहेड, म्हणजे स्फोटक भाग, १४५ किलोचा आणि वेग ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी. ऑक्टोबर २०२० मध्ये अरबी समुद्रात ‘प्रबल’ने आणि बंगालच्या उपसागरात ‘कोरा’ने डागलेल्या क्षेपणास्त्रांनी कमाल पल्ल्यावरचे लक्ष्य अचूक टिपले होते. त्यामुळे ही शस्त्रे निकामी झाली आहेत असे मी म्हणत नाही. तरीही त्यांना कधीतरी निवृत्त करावे लागेल हे उघड आहे.

माझ्यासारख्या सामान्य वाचकाला चार वाटा दिसतात. सर्व जहाजांवर ब्राह्मोस बसवणे, आहे त्या उरानचे आयुष्य वाढवणे, परदेशातून तयार क्षेपणास्त्र घेणे, किंवा संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र तयार होईपर्यंत थांबणे. ब्राह्मोस आपल्याकडे आहे, ते जगातील अत्यंत वेगवान जहाजविरोधी क्षेपणास्त्रांपैकी एक आहे आणि आता त्याची निर्यातही होत आहे. मग त्याच्याहून हळू आणि लहान वॉरहेडचे आणखी एक क्षेपणास्त्र विकसित करण्यावर पैसा आणि वेळ का घालवायचा, हे मला नीट उमगलेले नाही. कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : गोदीकर

आपण मांडलेल्या चार वाटांपैकी पहिली वाट सर्वांत आकर्षक दिसते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जहाजावर शस्त्र बसवताना पहिला प्रश्न वजनाचा असतो आणि त्याच्या लगेच मागे जागेचा. उरानचे एक क्षेपणास्त्र बूस्टरसह, म्हणजे सुरुवातीला त्याला वेग देणाऱ्या रॉकेटसह, साधारण ६०० किलोचे असते, तर ब्राह्मोस ३,००० किलोचे, आणि त्याचा कॅनिस्टर, म्हणजे ते ज्यात बंद ठेवतात ती नळी, धरला तर वजन आणखी बरेच वाढते. ‘कोरा’ वर्गाचे कॉर्व्हेट जेमतेम १,४०० टनांच्या आसपासचे जहाज आहे. त्यावर सोळा उरान आहेत, म्हणजे क्षेपणास्त्रांचे एकूण वजन दहा टनांच्या घरात. त्याच जहाजावर केवळ आठ ब्राह्मोस ठेवायचे म्हटले तरी नुसत्या क्षेपणास्त्रांचे २४ टन होतात, आणि हे वजन पाण्याच्या पातळीच्या वर, उघड्या डेकवर येते. त्यामुळे जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात त्याच्या स्थैर्याचे काय होईल, याची गणिते नव्याने करावी लागतात. डेकखालची बांधणी मजबूत करणे, डागताना निघणाऱ्या तप्त वायूंना वाट देणे, वीजपुरवठा आणि अग्निनियंत्रण प्रणाली बदलणे ही कामे वेगळीच. पंचवीस वर्षे सेवा केलेल्या जहाजावर एवढा खर्च करायचा की नाही, हा विचार कोणत्याही नौदलाला करावाच लागतो.

‘दिल्ली’ वर्गाची गोष्ट निराळी आहे, कारण त्या विनाशिका सहा हजार टनांच्या वरच्या आहेत. आयएनएस दिल्लीवर उरानच्या जागी ब्राह्मोस बसवण्यात आले आणि एप्रिल २०२२ मध्ये सुधारित मॉड्युलर लाँचरमधून त्याची पहिली चाचणीही झाली. माझगाव डॉकमध्येच बांधलेल्या विशाखापट्टणम, मुरगाव, इम्फाळ आणि सुरत या चार नव्या विनाशिकांवर तर प्रत्येकी सोळा ब्राह्मोस उभ्या लाँचरमध्ये आहेत आणि नव्या ‘निलगिरी’ वर्गाच्या फ्रिगेटवर प्रत्येकी आठ. म्हणजे मोठ्या जहाजांपुरता आपला प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. मात्र नौदल केवळ मोठ्या जहाजांचे नसते.

नौदलाला स्वतःला काय हवे आहे, याचे उत्तर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मिळाले. त्या दिवशी संरक्षण खरेदी परिषदेने नौदलाच्या पृष्ठभागावरील जहाजांसाठी मध्यम पल्ल्याच्या जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या खरेदीला तत्त्वतः मान्यता दिली. सरकारी निवेदनात या क्षेपणास्त्राचे वर्णन वजनाने हलके, जहाजावरून जहाजावर मारा करणारे आणि नौदलाच्या विविध जहाजांचे प्रमुख आक्रमक शस्त्र ठरणारे, असे केले होते. यातला ‘वजनाने हलके’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १ मार्च २०२४ रोजी, संरक्षण मंत्रालयाने ब्राह्मोस क्षेपणास्त्रांसाठी १९,५१८.६५ कोटी रुपयांचा करार केला. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे नौदलाला दोन वेगवेगळ्या कामांसाठी दोन वेगवेगळी शस्त्रे हवी आहेत, हे स्पष्ट होते. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असा त्याचा विचार दिसत नाही.

माझे मत असे की उरानची खरी जागा घेणारे क्षेपणास्त्र हे हलके, ध्वनीपेक्षा कमी वेगाचे आणि देशात बनणारेच असावे. ब्राह्मोसला ती जागा घ्यायला लावणे म्हणजे लहान जहाजांना निःशस्त्र करणे किंवा मूठभर क्षेपणास्त्रांवर समाधान मानायला लावणे होय.

उत्तर : ध्रुवतारा

गोदीकर यांच्या वजनाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु वेगाचे महत्त्व त्यांच्या मांडणीत फार कमी झाले आहे, म्हणून थोडे गणित मांडतो.

समुद्र वक्र आहे. पाण्यापासून पाच मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र पंचवीस मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला साधारण ३० किलोमीटरवर प्रथम दिसू शकते. त्याआधी ते क्षितिजाआड असते. ध्वनीच्या ०.८ पट वेगाने येणारे क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण २७० मीटर कापते, म्हणजे ते दिसल्यापासून आदळेपर्यंत ११० सेकंद मिळतात. ब्राह्मोसच्या वेगाने, सेकंदाला ९५० मीटरच्या आसपास, हाच अवधी ३० ते ३५ सेकंदांवर येतो. तेवढ्या वेळात शत्रूच्या जहाजाने ओळख पटवायची, निर्णय घ्यायचा, बचावाचे क्षेपणास्त्र सोडायचे, ते चुकले तर दुसरे सोडायचे आणि शिवाय तोफ तयार ठेवायची. सव्वा मिनिटाचा हा फरक म्हणजे बचावाच्या दोन संधी मिळणे आणि एकच मिळणे यातला फरक आहे.

ध्वनीपेक्षा हळू क्षेपणास्त्र पाडता येते, याचा अलीकडचा पुरावा तांबड्या समुद्रात आहे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस हुती बंडखोरांनी डागलेले एक जहाजविरोधी क्रूझ क्षेपणास्त्र अमेरिकेच्या ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेने फॅलँक्स तोफेने पाडले, तेही जहाजापासून साधारण एक मैलावर आल्यानंतर. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणीसुद्धा तोफ पुरेशी ठरली. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाच्या क्षेपणास्त्रासमोर एक मैलावर तोफेने काम साधेल अशी अपेक्षा कोणी करणार नाही, कारण ते फुटले तरी त्याचे जळते तुकडे त्याच वेगाने जहाजावर येऊन आदळतील. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साडेतीन पट वेग म्हणजे प्रत्येक किलोमागे बारापट ऊर्जा.

पाकिस्तानच्या नौदलात २०२१ पासून चिनी बनावटीची ०५४ए/पी वर्गाची फ्रिगेट दाखल झाली आहेत. त्यांच्यावर हवाई संरक्षणाची उभी लाँचर प्रणाली आहे. कराचीजवळ १९७१ साली जी बेसावध जहाजे आपल्या नौकांच्या टर्मिट क्षेपणास्त्रांनी बुडवली, तशी ही जहाजे नाहीत. अशा लक्ष्याविरुद्ध मला आधी ब्राह्मोस हवे, नंतर बाकी सर्व. म्हणून ज्या ज्या जहाजाला ते झेपेल त्या प्रत्येक जहाजावर ते बसवावे आणि हलक्या क्षेपणास्त्राचा विचार केवळ उरलेल्यांसाठी करावा, असा माझा आग्रह आहे.

उत्तर : खाडीकाठ

ध्रुवतारा यांचे गणित बरोबर आहे, पण ते शेवटच्या ३० किलोमीटरचे आहे. त्याआधीच्या दोनशे किलोमीटरचा विचार केल्यावर चित्र बदलते.

ब्राह्मोसचा २९० किलोमीटरचा जाहीर पल्ला हा बहुतेक मार्ग खूप उंचावरून कापून शेवटी पाण्यालगत उतरण्याच्या पद्धतीचा आहे. ते ज्या रशियन ओनिक्सच्या कुळातले आहे, त्या क्षेपणास्त्राने सगळाच मार्ग समुद्रालगत कापायचा म्हटला तर त्याचा निर्यातीसाठी जाहीर झालेला पल्ला १२० किलोमीटरपर्यंत उतरतो, कारण खालच्या दाट हवेत त्या वेगाला इंधन प्रचंड लागते. उंचावरून येणारे क्षेपणास्त्र रडारच्या क्षितिजाआड लपू शकत नाही. चौदा किलोमीटर उंचीवरची वस्तू समोरच्या जहाजाच्या रडारपासून पृथ्वीच्या वक्रतेमुळे लपलेली राहत नाही, मग ती तीनशे किलोमीटरवर का असेना. तेव्हा शत्रूला इशारा आधी मिळतो आणि वेळही अधिक मिळतो. उलट उरानसारखे क्षेपणास्त्र पूर्ण मार्ग लाटांना खेटून येते, त्याचे जेट इंजिन तुलनेने थंड असते, त्याचा आकार लहान असतो, आणि ते दिसेपर्यंत शत्रूला त्याचा पत्ता लागेलच असे नाही. एकाच लक्ष्यावर दोन्ही प्रकारची क्षेपणास्त्रे वेगवेगळ्या दिशांनी आणि एकाच क्षणी पोहोचतील अशी डागली, तर समोरच्या जहाजाच्या बचावाची खरी परीक्षा होते. हलक्या क्षेपणास्त्राला केवळ ‘उरलेल्यांसाठी’ ठेवणे म्हणूनच मला पटत नाही.

जुने आरेखन म्हणजे निरुपयोगी शस्त्र, ही समजूतही तपासून घ्यावी. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर ज्या युक्रेनियन नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडाली, त्यांचे आरेखन केएच-३५ वरूनच विकसित झालेले आहे. म्हणजे उरानच्याच भाऊबंदाने, ध्वनीपेक्षा कमी वेगात, एका मोठ्या आणि हवाई संरक्षणासाठी बांधलेल्या जहाजाला जलसमाधी दिली. त्यामागे शस्त्राइतकाच लक्ष्याचा ठावठिकाणा नेमका माहीत असण्याचा वाटा होता.

माझ्या मते या साऱ्या चर्चेचा गाभा त्याच मुद्द्यात आहे. जहाज एका जागी उभे राहत नाही. ध्वनीच्या ०.८ पट वेगाच्या क्षेपणास्त्राला १३० किलोमीटर कापायला आठ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ३० नॉट वेगाचे जहाज सात किलोमीटर पुढे गेलेले असते. पल्ला २५० किलोमीटर केला तर पंधरा मिनिटांत ते १४ किलोमीटर सरकते. क्षेपणास्त्राच्या सीकरला, म्हणजे त्याच्या नाकातल्या लक्ष्यशोधक रडारला, एवढ्या मोठ्या क्षेत्रातून नेमके जहाज शोधायचे असते आणि त्याच क्षेत्रात मालवाहू जहाजे, तेलवाहू जहाजे, मासेमारीच्या शेकडो बोटी असू शकतात. मुंबई ते कराची या पट्ट्यात हे रोजचे वास्तव आहे. म्हणून वाटेत असताना नवी माहिती पोहोचवणारा दुहेरी डेटा-दुवा, आणि ती माहिती गोळा करणारी पी-८आय विमाने, ड्रोन व उपग्रह, यांशिवाय लांब पल्ल्याचा आकडा कागदावरच राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी झालेल्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या करारातील पंधरा नौदलासाठी आहेत. जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या चर्चेत या खरेदीला निदान क्षेपणास्त्राइतकेच स्थान मिळायला हवे. उरानच्या जागी येणाऱ्या शस्त्रात असा डेटा-दुवा नसेल, तर पल्ला कितीही वाढवला तरी आपण फारसे पुढे गेलो असे मी मानणार नाही.

आता आयुष्य वाढवण्याविषयी, कारण मूळ प्रश्नात तो पर्याय आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे कॅनिस्टरमध्ये बंद असते, तरी त्याच्या आत काळ चालूच असतो. बूस्टरमधील घन इंधनाचा बांधणारा रबरासारखा भाग हळूहळू कडक होतो, त्यात सूक्ष्म भेगा पडतात, भेगांमुळे जळण्याचे क्षेत्रफळ वाढते आणि डागताना बूस्टरमधला दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. रबरी सील सुकतात, बॅटऱ्यांची मुदत संपते, सीकरमधले इलेक्ट्रॉनिक भाग बनवणारे कारखाने ते बनवणेच थांबवतात. यांवर उपाय आहेत. साठ्यातील काही नमुने उघडून तपासायचे, बूस्टरची क्ष-किरण तपासणी करायची, काही क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष डागून पाहायची, आणि मग उरलेल्यांना काही वर्षांची मुदतवाढ द्यायची. हे सर्व वेळ विकत घेण्यासाठी उत्तम आहे. मात्र सुटे भाग मूळ उत्पादकाकडून यावे लागतात, आणि रशियाचे कारखाने २०२२ पासून स्वतःच्या युद्धासाठी राबत आहेत. रशियाने केएच-३५ ची २६० किलोमीटर पल्ल्याची सुधारित आवृत्ती निर्यातीसाठी मांडलेली आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ती सर्वांत सरळ बदली ठरली असती. तथापि २०१८ साली करार झालेली ‘तुशिल’ ही फ्रिगेट डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या हाती आली, हा अनुभव ताजा असताना संपूर्ण ताफ्याचे मुख्य शस्त्र पुन्हा त्याच स्रोतावर टेकवणे मला अत्यंत अयोग्य वाटते.

प्रश्नकर्ता : सागरवाचक

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. उंचावरून येण्याचा आणि डेटा-दुव्याचा मुद्दा मी पूर्वी कधी विचारात घेतला नव्हता. एकच उपप्रश्न. ब्रिटनने अमेरिकन हार्पूनच्या जागी नॉर्वेचे तयार क्षेपणास्त्र घेतले. भारताला तसे करून चार-पाच वर्षे वाचवता आली नसती का? आणि आपल्या पाणबुड्या व विमानांवर तर आधीच परदेशी क्षेपणास्त्रे आहेत, मग जहाजांनाच वेगळा नियम का?

उत्तर : दीपगृह

ब्रिटनचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, आणि माझ्या मते ते अनुकरणापेक्षा इशारा म्हणून अधिक उपयोगी आहे.

ब्रिटिश नौदलाने आपली हार्पून २०१८ साली निवृत्त करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांची जागा घेणारे काहीच हातात नव्हते. टीका झाल्यावर ती २०२३ पर्यंत ओढली गेली. नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्ग कंपनीचे नेव्हल स्ट्राइक मिसाइल अकरा जहाजांवर बसवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. हे क्षेपणास्त्र साधारण ४०० किलोचे, १८५ किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे, आणि रडारऐवजी उष्णतेचे चित्र पाहून लक्ष्य ओळखणारे आहे, त्यामुळे ते स्वतः रडारलहरी सोडून आपली चाहूल देत नाही. शस्त्र उत्कृष्ट आहे यात शंका नाही. परंतु जुने क्षेपणास्त्र गेले आणि नवे एकेका जहाजावर सावकाश येत राहिले, अशी मधली पोकळी एवढ्या अनुभवी नौदलाच्याही वाट्याला आली, ती केवळ निर्णय उशिरा घेतल्यामुळे. आपण शिकायचे ते हे की उरानला निरोप देण्याची तारीख ही नव्या क्षेपणास्त्राच्या पहिल्या यशस्वी तुकडीनंतरच ठरावी, आणि तोपर्यंत आयुष्य वाढवण्याचे काम प्रामाणिकपणे चालू राहावे.

तयार क्षेपणास्त्र घेण्यातील अडचण अशी की जहाजविरोधी क्षेपणास्त्र लाँचरसकट येते आणि त्याला जहाजाच्या युद्धप्रणालीशी जोडावे लागते. आपल्या जहाजांवर भारतीय, रशियन, इस्रायली आणि युरोपीय उपकरणे शेजारी शेजारी आहेत. त्यात आणखी एका देशाचे शस्त्र जोडायचे तर त्या देशाची संगणकीय माहिती, परवाने आणि भविष्यातील प्रत्येक सुधारणेसाठी त्याची संमती लागते. युद्ध लांबले तर साठा भरून काढण्याचा प्रश्न आणखी गंभीर होतो. ज्या देशाचा कारखाना स्वतःच्या मित्रराष्ट्रांच्या मागण्या पुऱ्या करण्यात गुंतलेला आहे, तो आपल्याला पुढच्या महिन्यात शंभर क्षेपणास्त्रे देणार नाही. देशात बनणारे क्षेपणास्त्र थोडे कमी सरस असले तरी ते पुन्हा बनवता येते, आणि साठ्याची खोली हाच मला निर्णायक मुद्दा वाटतो.

पाणबुड्या आणि विमानांचे आपण बरोबर नोंदवले आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्यांवर फ्रान्सचे एक्झोसेट एसएम-३९ आहे, पी-८आय विमानांवर अमेरिकन हार्पून आहे. मात्र तेथे संख्या कमी असते आणि ती प्रणाली त्या त्या पाणबुडीच्या किंवा विमानाच्या मूळ आरेखनातच गुंफलेली असते. टॉर्पेडो नळीतून पाण्याखाली सुटणारे क्षेपणास्त्र नव्याने विकसित करणे हे स्वतंत्र आणि खडतर काम आहे. पृष्ठभागावरील जहाजांची गरज संख्येने कितीतरी मोठी असल्यामुळे देशी उत्पादनाचा फायदा तेथे सर्वांत आधी मिळतो.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत ही वाट आपण प्रत्यक्ष चाललो आहोत. सी किंग हेलिकॉप्टरवरून पूर्वी ब्रिटिश सी ईगल डागले जाई. त्याच्या जागी आलेल्या नेव्हल अँटी-शिप मिसाइल, शॉर्ट रेंज, या भारतीय क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १८ मे २०२२ रोजी चांदीपूरला सी किंग ४२बी वरून झाली. पल्ला ५५ किलोमीटर, वजन ४०० किलोच्या आत. फेब्रुवारी २०२५ मधील चाचणीत क्षेपणास्त्राने उडत असताना समोरचे चित्र हेलिकॉप्टरकडे पाठवले आणि वैमानिकाने त्यातले लक्ष्य निवडून दिले. खाडीकाठ यांनी ज्या डेटा-दुव्याचा आग्रह धरला, तो लहान आकारात का होईना, येथे सिद्ध झाला आहे. या क्षेपणास्त्रावर काम केलेल्या प्रयोगशाळांमध्ये हैदराबादच्या संस्थांबरोबर पुण्याच्या सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळाही आहे, म्हणजे बूस्टरच्या घन इंधनासारख्या पदार्थांवर आयुष्य घालवलेली माणसे आपल्या घराजवळच आहेत. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राला हाच सीकरचा आणि दुव्याचा अनुभव उपयोगी पडेल असा मला विश्वास आहे, जरी जेट इंजिन, मोठा पल्ला आणि समुद्रालगतचे दीर्घ उड्डाण हे टप्पे त्याला स्वतंत्रपणे पार करावे लागतील. लहान टर्बोफॅन इंजिनाच्या बाबतीतही आशेला जागा आहे. १८ एप्रिल २०२४ रोजी चांदीपूरला झालेल्या भूमीवरील लक्ष्यासाठीच्या देशी क्रूझ क्षेपणास्त्राच्या चाचणीत बेंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन आस्थापनेचे इंजिन वापरले गेले आणि ते यशस्वी ठरले.

उत्तर : गोदीकर

दीपगृह यांच्या साठ्याच्या मुद्द्याला एक व्यावहारिक जोड देतो आणि ध्रुवतारा यांच्या आग्रहालाही त्यात उत्तर आहे.

क्षेपणास्त्र नौकांचा वारसा आपल्या नौदलाला फार प्रिय आहे आणि तो मुंबईशी जोडलेला आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, त्या स्मृतीसाठी आपण नौदल दिन पाळतो. मुंबईतील २२व्या क्षेपणास्त्र नौका पथकाला डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींचे निशाण प्रदान झाले. त्या पथकातील ‘प्रबल’ माझगाव डॉकमध्ये आणि ‘प्रलय’ गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली, दोन्ही २००२ साली नौदलात आल्या, आणि दोन्हींवर प्रत्येकी सोळा उरान आहेत. पाचशे टनांहूनही कमी वजनाच्या या नौका आहेत. त्यांच्यावर ब्राह्मोस बसवण्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

त्यांची जागा घेण्यासाठी मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी सहा नव्या पिढीच्या क्षेपणास्त्र नौकांसाठी ९,८०५ कोटी रुपयांचा करार झाला आणि पहिली नौका मार्च २०२७ पासून मिळू लागेल असे तेव्हा ठरले. या नौका आकाराने बऱ्याच मोठ्या आहेत आणि ब्राह्मोस डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांची आखणी झाली आहे. तेव्हा ध्रुवतारा यांना हवा असलेला वेग नव्या नौकांना आरेखनातूनच मिळेल. जुन्या ‘कोरा’, ‘ब्रह्मपुत्रा’ आणि ‘प्रबल’ यांचे मात्र तसे होणार नाही. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात तपासून मुदतवाढ दिलेली उरान वापरावीत, आणि ज्यांची सेवा २०३५ च्या पुढे जाणार आहे अशाच जहाजांवर मध्यम पल्ल्याचे नवे क्षेपणास्त्र बसवावे, असे मला सुचवावेसे वाटते. नव्या क्षेपणास्त्राचा कॅनिस्टर उरानच्या लाँचरच्या पायावर बसेल इतपत मापात ठेवता आला, तर रिफिटचे, म्हणजे गोदीतल्या फेरबदलाचे, काम काही महिन्यांत उरकेल. तसे झाले नाही तर प्रत्येक जहाज वर्ष-दीड वर्ष गोदीत अडकून पडेल, आणि पश्चिम किनाऱ्यावर इतकी जहाजे एकाच वेळी मोकळी करणे नौदलाला परवडणारे नाही. आरेखन करणाऱ्यांनी पल्ल्याचे आणखी वीस किलोमीटर मिळवण्यापेक्षा हे माप सांभाळण्यावर भर द्यावा.

उत्तर : ध्रुवतारा

लाँचरच्या पायाच्या मापाचा मुद्दा मान्य. तो विचारात घेता माझ्या आग्रहात मी इतकाच बदल करतो की जुन्या जहाजांसाठी हलके क्षेपणास्त्र हवेच, आणि त्याची पहिली मागणी मोठ्या संख्येची असावी, म्हणजे उत्पादन करणाऱ्या कारखान्याला सुरुवातीपासून पूर्ण क्षमतेने काम मिळेल. प्रत्येक जहाजाला चार-चार क्षेपणास्त्रे देऊन समाधान मानण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. समोरचे जहाज पहिली तीन क्षेपणास्त्रे पाडू शकते असे धरून चालले, तर एका लक्ष्यासाठी सहा ते आठ हाताशी असायला हवीत, आणि ‘कोरा’वर आज असलेल्या सोळा क्षेपणास्त्रांच्या जागी आठच आली तर नव्या शस्त्रानेही त्या जहाजाची ताकद घटलेलीच असेल.